गारगोटीवरची जहाजं

नागसेनबद्दल सांगायचं तर आधी माझा स्वभाव सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं काही पटायचं नाही. मी खुन्नसवाला माणूस. कोल्हापूरच्या पेठेत वाढलो, तालमीच्या फुटबॉल टीमसाठी मैदानाबाहेर दोनदा डोकं फोडून घेतलं. समोरचा नजर रोखून बघायला लागला की आपण मान वळवायची नाही, हे आमचं बाळकडू. लोक म्हणायचे, हंबीरराव म्हणजे तापट, पण मर्द गडी. मला त्याचं भारी कौतुक होतं. आता कुणी तसं म्हटलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

दोन हजार दोन साली मी शिरोली नाक्याजवळ हायवेच्या कडेला सायबर कॅफे काढला. आठ कॉम्प्युटर, प्लायवूडचे आठ खण, कोपऱ्यात एक प्रिंटर. एमआयडीसीतली माणसं यायची, नोकरीचे अर्ज भरायची, मुली बघायच्या साइटवर तासन्‌तास बसायची. मला कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नव्हतं. धंदा बरा दिसला म्हणून काढला, एवढंच.

नागसेन पहिल्यांदा आला तो दोन हजार चार साली. चोवीस-पंचवीसचा असेल. किडकिडीत, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. शिरोलीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर होता. वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओतायचं काम. कायम सेकंड शिफ्ट, दुपारी तीनला सुरू.

"मालक, सकाळी कितीला उघडता?"

"नऊला."

"सातला उघडशीला काय? मी रोज येतो. सोमवारी फौंड्रीला सुट्टी असती, तरीबी येतो."

"एवढ्या सकाळी काय हाय तुझं?"

"तिकडं रात असती," तो म्हणाला.

तिकडं म्हणजे कुठं ते मला महिन्याभरानं कळलं. तो एक खेळ खेळायचा. नाव इंग्रजीत लांबलचक होतं, आम्ही त्याला नुसतं 'आकाश' म्हणायचो. आणखी पाचशे वर्षांनी माणसं दूरदूरच्या ग्रहांवर राहायला गेलीत आणि एकमेकांच्या उरावर बसलीत, असा सगळा मामला. चित्रं फारशी नव्हतीच. काळा पडदा, आकडे, नावं, ओळी. पण समोर खरी माणसं होती, जगभरातली हजारो. तुमची जहाजं एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायला खरोखरचा तास, दीड तास घ्यायची. खेळ कधी थांबायचा नाही. तुम्ही झोपलात तरी तो चालूच, आणि तुम्ही झोपलात की दुश्मन यायचा.

म्हणून लोक टोळ्या करून राहायचे. नागसेनच्या टोळीत बत्तीस जण होते. मी तिला त्याची तालीम म्हणायचो. बहुतेक सगळे युरोपातले. प्रमुख होती मार्टा नावाची पोलंडमधली बाई, बेकरीत कामाला. तालमीत एकटा नागसेन आपल्याकडचा. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा त्यांच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. म्हणून त्या बत्तीस जणांनी एक रीत पाडली होती. झोपायच्या आधी सगळ्यांनी आपापली जहाजं नागसेनच्या ग्रहावर आणून उभी करायची. पहाटेपर्यंत कॅनडातला एक जण नजर ठेवायचा, सातपासून साडेअकरापर्यंत नागसेन. मग युरोप उठायचा आणि आपापली जहाजं घेऊन जायचा.

त्याच्या ग्रहाचं नाव होतं गारगोटी, त्याच्या तालुक्याच्या गावावरून. दुसऱ्या एका बारक्या ग्रहाला त्यानं आजरा नाव दिलेलं, तिथं त्याची आत्या काजूच्या कारखान्यात होती. सगळं जग त्याला गारगोटी म्हणूनच ओळखायचं. रोज सकाळी तो खुर्चीत बसला की मार्टाचा निरोप आलेला असायचा, रोज तोच: 'गारगोटी, मी झोपते. जहाजं तुझ्याकडे.' तो निरोप तो दोनदा वाचायचा. मी हसायचो त्याला. आता हसू येत नाही.

राखायचं म्हणजे काय, तेही त्यानं मला दाखवलं होतं. दुश्मन निघाला की वरची एक ओळ लाल व्हायची. तो पोचायला पाऊण-एक तास असायचा. तेवढ्यात नागसेन एक बटण दाबायचा, आणि गारगोटीवरची सगळी जहाजं मोकळ्या आकाशात विखरून जायची. दुश्मन यायचा, रिकामा ग्रह बघायचा, हात हलवत परत जायचा. मग जहाजं हळूहळू घरी यायची. तीन वर्षं हाच उद्योग. एक जहाज त्यानं गमावलं नाही.

मला ते बघवायचं नाही. "अरे, पळतोयस काय रोज? एकदा उभा राहून दे की रट्टा."

"हंबीरदा, भट्टीवर रस उडाला की मागं सरायचं असतं. जो सरत न्हाय, त्येचा पाय जातो. आन ही काय माझी जहाजं न्हाईत."

माझ्या आईला, चिमणाबाईला, तो आवडायचा. डबा घेऊन ती कॅफेवर यायची तेव्हा तो उठून उभा राहायचा, तिच्या हातातली पिशवी घ्यायचा. एकदा ती मला म्हणाली, "चांगल्या वळणाचं पोरगं हाय. घेऊन ये की एकदा जेवायला." मग जरा थांबून, "आडनाव काय त्येचं?" मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली, आणि जेवणाचा विषय परत निघाला नाही. मीही काढला नाही. हेही इथं लिहून ठेवतो, कारण मी काही वेगळा नव्हतो.

त्याचे वडील गणपतीआबा एकदा डोळे दाखवायला कोल्हापुरात आले होते. गारगोटीजवळच्या खेड्यातून पहिल्या एसटीनं आले आणि दवाखाना उघडेपर्यंत कॅफेत मुलाशेजारी बसले. धोतर, पांढरा शर्ट, निळी टोपी, गुडघ्यांवर हात. बराच वेळ पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्ये काय करतुयास?"

"राखण करतोय, आबा."

"कुणाची?"

"लोकांच्या जहाजांची. ती लोकं झोपल्यात."

मी चहा सांगितला, तो आला, आबांनी तो बशीत ओतून प्यायला, आणि मग माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाले, "तुझ्या आज्यानं, जोतीरामानं, छप्पन साली तराळकीची काठी चावडीच्या पायरीवर ठिवली. म्हनला, आजपास्नं आमी कुनाची राखण करनार न्हाय. बलुतं बंद झालं. वरीसभर आमी कनी-कोंडा खाल्ला. आन तू हितं बसून गोऱ्यांची राखण करतुयास. फुकट."

नागसेनचा चेहरा पडला. पण तो गप्प बसला नाही. "आज्याला ती जन्मानं लागली हुती, आबा. मला हितं कुणी आडनाव इचारलं न्हाय. पयलं एकानं दोन जहाजं दिली सांभाळायला. मग चौघांनी दिली. मग सगळ्यांनी. मला बघून दिल्यात."

"बघून? त्येनी तुला कुठं बघितलंय?"

"न्हाईच बघितलं. काम बघितलं."

आबांनी बशी खाली ठेवली. "राखण लई वंगाळ काम हाय, बाळा. चोरी झाली की पयला चोर राखणदारच ठरतो."

उठताना त्यांनी नागसेनच्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, खुर्ची पुसावी तसा. मला वाटतं त्यांना पोराचं म्हणणं थोडं पटलं होतं. विचारायचं राहून गेलं.

मार्च दोन हजार सात. गुरुवार होता. सकाळी साडेआठच्या सुमाराला कॅफेचा फोन वाजला. मी उचलला. गारगोटीहून कुणीतरी ओरडून बोलत होतं, "नागसेनला सांगा, गणपती गेलं. झोपेतच गेलं. लगोलग लावून द्या त्येला."

मी त्याच्या खणाजवळ गेलो आणि सांगितलं. असल्या बाबतीत मला गोड बोलता येत नाही, जसं ऐकलं तसं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग पडद्याकडे बघितलं. मग त्यानं खिशातली वही काढली, एक पान फाडलं आणि लिहायला लागला. मला राग आला. बाप मेलाय आणि हा जहाजांचं बघतोय. "अरे ऊठ की, एसटी चुकंल."

"दोनच मिंटं, हंबीरदा. तुमच्याशिवाय हितं कोण हाय माझं? साडेअकरापतूर बसा. मग मार्टा उठती. लाल झालं की पयलं बटण. दुसऱ्या बटणाला हात लावायचा न्हाय."

"कळलं, कळलं."

"परत सांगा."

मी लहान पोरासारखं परत सांगितलं: लाल झालं की पहिलं बटण. त्यानं कागद माझ्या हातात दिला. वर खेळात शिरायचा पासवर्ड, खाली तेच दोन नियम, ठळक अक्षरात. मग तो उठला, दारापर्यंत चालत गेला, आणि दाराच्या चौकटीला धरून रडला. मी त्याला रिक्षात बसवून दिलं. "तू जा, मी हाय," असं म्हणालो. हे मी म्हणालो होतो, ते मला स्वच्छ आठवतं.

परत येऊन त्याच्या खुर्चीत बसलो, कागदावरचा पासवर्ड टाकून आत शिरलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते आकाश नीट बघत होतो. गारगोटीवर दोन हजारांवर जहाजं उभी होती. बत्तीस माणसं शांत झोपलेली.

नऊ वीसला ओळ लाल झाली.

मी कागद समोर धरला. पहिलं बटण दाबायला बोट नेलं, तेवढ्यात बाजूच्या चौकटीत एक निरोप उमटला. दुश्मनाकडून. माझं इंग्रजी कच्चं, पण एवढं कळण्याइतकं होतं: 'पळ, गारगोटी, पळ. रोजच्यासारखा पळ, भित्र्या.' असे निरोप नागसेनला आठवड्यातून दोनदा यायचे. तो ते न वाचता पुसून टाकायचा. मी वाचला. दोनदा वाचला. येणाऱ्या जहाजांचा आकडा बघितला: सत्तर. आपली दोन हजार. सत्तर जणांना बघून दोन हजारांनी पळायचं? माझी कानशिलं तापली. नागसेनचा बाप गेलाय, पोरगं तिकडं मातीला चाललंय, आणि हे कोण कुठले त्याला भित्रा म्हणणार. आज एकदा दाखवूच गारगोटी काय चीज आहे ते. संध्याकाळी त्याला कळेल, तेवढंच त्याला बरं वाटेल. होय, मला खरोखर असं वाटलं होतं. माझ्या मूर्खपणात वाईट हेतू नव्हता, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकतो.

मी दुसरं बटण दाबलं. लढा.

दहा वाजून पाच मिनिटांनी सत्तर जहाजं आली आणि मी टेबलावर थाप मारली. त्यांच्यामागं काही सेकंदांनी तीन हजार आली. ती आधी दिसतच नव्हती. पहिली सत्तर नुसतं आमिष होती, हे नागसेनला माहीत होतं, तालमीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, मला नव्हतं. धूर नाही, आवाज नाही, काही नाही. आकडे खाली येत गेले आणि शून्यावर थांबले. बत्तीस माणसांनी तीन-तीन वर्षं खपून उभं केलेलं सगळं चार मिनिटांत संपलं. पडद्यावर एकच ओळ उरली: गारगोटी, जहाजं शून्य.

मी खेळ बंद केला. बाकीच्या खणांत दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना काही कळलं नव्हतं. मी गल्ल्यामागं जाऊन बसलो आणि त्याला काय सांगायचं याचा विचार करायला लागलो. खरं सांगायचं, हे त्या विचारात कुठंच नव्हतं.

नागसेन चौथ्या दिवशी आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. खुर्चीत बसला, खेळ उघडला. निरोपांची रांग लागलेली होती. मग त्यानं मान वळवून विचारलं, "काय झालं, हंबीरदा?"

"लाईट गेलती," मी म्हणालो. "बॅटरी बी बसली. काय करणार?"

त्या वर्षी भारनियमनानं सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आलेला. दिवसातून दोनदा वीज जायची. त्यानं लगेच विश्वास ठेवला. इतक्या लगेच, की मला वाटलं सुटलो. उलट माझीच समजूत काढली त्यानं, "तुमचा काय दोष हाय त्यात? नशीबच वंगाळ." मग डिक्शनरी उघडून त्यानं मार्टाला लिहिलं की इथं वीज गेली होती, मशीन बंद पडलं, म्हणून बटण दाबता आलं नाही, मी सगळ्यांची माफी मागतो.

मी विचारलं, "आबांचं लिहिलास का न्हाय?"

"मेलेल्या बापाच्या आडून माफी मागायची न्हाय मला."

दुसऱ्या दिवशी मार्टाचं उत्तर आलं. मी त्याच्या शेजारच्या खणात माउस दुरुस्त करत बसलो होतो. तो वाचत होता. वाचून झाल्यावरही तो पडद्याकडेच बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "हंबीरदा, त्या दिवशी लाईट कितीला गेलती?"

"नऊच्या सुमाराला."

"आन आली कदी?"

"अकरा वाजून गेलं असतील."

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. मुद्दाम. मार्टानं खेळ चालवणाऱ्यांकडून नोंद मागवली होती आणि वेळा आपल्याकडच्या घड्याळाप्रमाणे करून ती खाली चिकटवली होती. नऊ वाजून चोवीस मिनिटं: गारगोटीचं खातं उघडं. हुकूम: लढा. दहा वाजून बारा मिनिटं: खातं बंद. त्याखाली मार्टानं एकच वाक्य लिहिलं होतं: 'गारगोटी, आमच्याशी खोटं का बोललास?'

मी ते वाचलं. मला सगळं कळलं, आणि मला सगळं कळलंय हे त्यालाही कळलं. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर काम झालं असतं. फार तर तो म्हणाला असता, काय केलंत हे. फार तर चार दिवस बोलला नसता. पण मी खाली मान घातली आणि माउसचा स्क्रू फिरवत बसलो. ज्या माणसानं जन्मात कुणासमोर मान वळवली नाही, त्यानं त्या दिवशी वळवली.

तो थांबला. किती वेळ, सांगता येत नाही. स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता आणि मी तो तसाच फिरवत होतो. मग कीबोर्डचा आवाज आला. त्यानं काहीतरी लिहिलं, पाठवलं, कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची आत सरकवली. "येतो, हंबीरदा," म्हणाला.

तो परत आला नाही. आठवड्याभरानं कळलं की त्यानं पहिली शिफ्ट मागून घेतली. सकाळी सातला कॅफे उघडायची मला सवय झाली होती. मी उघडत राहिलो, आणि त्या खणात दुसरं कुणी बसलं की चिडचिड करत राहिलो. दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली, शिरोलीतल्या फौंड्र्यांच्या शिफ्टी बंद पडल्या, माणसं कमी केली. त्यात तोही घरी गेला असं कुणीतरी सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो. गारगोटी काय लांब नाही, दीड-दोन तासांचा रस्ता. मी गेलो नाही.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात मी कॅफे गुंडाळला. लोकांच्या घरी इंटरनेट आलं होतं, मोबाईलवर यायला लागलं होतं. टेबलाचे खण रिकामे करताना तो कागद सापडला. लाल झालं की पहिलं बटण. वरचा पासवर्ड त्या दिवशी मी घाईत नुसताच टाइप केला होता. आता वाचला. जोतीराम५६. मी तसाच फरशीवर बसलो.

मग एकच मशीन चालू होतं, त्यावर तो खेळ उघडला. आत शिरल्याशिरल्या सूचना होती: हा खेळ एकतीस डिसेंबरला कायमचा बंद होत आहे. गारगोटी होतं तसंच होतं, जहाजं शून्य. मी जुने निरोप काढले. त्या दिवशी नागसेननं मार्टाला काय लिहून पाठवलं होतं ते मला पहिल्यांदाच दिसलं. दोन छोटी वाक्यं: 'जहाजं माझ्याकडे होती. दोष माझा आहे.' माझं नाव नाही. दुसरं कुणी होतं असंही नाही. त्याखाली तालमीतल्या लोकांचे निरोप. खोटारडा. दुश्मनाला विकला गेला. एकानं नुसतं लिहिलं होतं, चोर. आबांनी सांगितलेला शब्द जसाच्या तसा पोलंड-जर्मनीहून येऊन तिथं पडला होता. मग, तुम्हाला तालमीतून काढण्यात आलं आहे.

आणि सगळ्यांत वर, न उघडलेला एक निरोप. एप्रिल दोन हजार आठ. मार्टा.

'गारगोटी, मी वर्षभर विचार करते आहे. तू तीन वर्षं रोज पळालास आणि एकदाच उभा राहिलास. हे काम तुझ्या हातचं नाही. तिथं दुसरं कुणी होतं का? फक्त हो किंवा नाही, एवढं सांग. बाकीच्यांना मी समजावते. तुझी जागा मी अजून कुणाला दिलेली नाही.'

वीस महिने तो निरोप तिथं पडून होता. त्या बाईनं हजारो मैलांवरून त्याचा हात ओळखला होता. मी त्याच्या शेजारी बसलो होतो.

मी लिहिलं. शब्दाला शब्द जोडून, मोडक्या इंग्रजीत. दुसरं माणूस होतं, ते मी. त्याचे वडील त्या सकाळी वारले. वीज गेली नव्हती, ते खोटं मी सांगितलं, त्याला माहीत नव्हतं. नागसेन खोटं बोलत नाही. पाठवलं. मग रोज बघत राहिलो. मार्टाच्या नावापुढं लिहून यायचं, शेवटची भेट अकरा महिन्यांपूर्वी. मला वाटत होतं तिचं उत्तर येईल, मग ते घेऊन त्याच्याकडे जाईन. रिकाम्या हातानं कसं जायचं. एकतीस तारीख आली. एक तारखेला पत्ता टाकला तर पान सापडत नाही असं आलं. मार्टाच्या निरोपाचा मी आधीच प्रिंट काढून ठेवला होता, तेवढाच हातात राहिला.

जानेवारीत गेलो. गारगोटीत तो मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. दुकान बंद होतं, म्हणून विचारत विचारत त्याच्या खेड्यात, घरी गेलो. त्याच्या आईनं, मीनाबाईंनी, मला ओळखलं नाही. "कुठलं पावणं म्हणायचं?" नागसेन आतून आला आणि म्हणाला, "कोल्हापूरचं हाईत. माझं फोन यांच्याकडं यायचं." आत बोलावलं, सतरंजी अंथरली. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आबांचा फोटो होता, निळ्या टोपीतला. नागसेनच्या बोटांना तांब्याच्या तारेनं बारीक चिरा पडलेल्या. केस विरळ झालेले. तो तिशीचाच होता.

मी प्रिंट दिला. तो वाचायला लागला. एकदा वाचून त्यानं वरची तारीख बघितली, मग परत वाचला, पूर्वी तिचा निरोप वाचायचा तसा.

मी म्हणालो, "मी तिला खरं लिहिलं. सगळं लिहिलं. पर उत्तर आलं न्हाय, आन खेळ बंद झाला. लाईट गेली नव्हती, नागसेन. मीच दुसरं बटण..."

"मला ठावं हाय की."

"व्हय, पर मी म्हणतोय..."

"तवाच ठावं हुतं. पडदा तुमच्याकडं वळवला त्याच टायमाला." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं, तेवढं मला येतं.

"मग तिला सांगितलं का न्हाईस? नुसतं लिहायचं की, दुसऱ्यानं केलं म्हणून."

त्यानं कागदाची घडी केली, आधी उभी, मग आडवी.

"राखण माझ्याकडं हुती. ती मी दुसऱ्याला दिली, त्ये माझंच चुकलं. ह्ये एक," तो म्हणाला. "आन दुसरं, मी थांबलो हुतो, हंबीरदा. म्हटलं, तुमी सांगशीला. तुमी शेजारीच बसला हुता की."

मीनाबाईंनी चहा आणला. उकळता होता. मी तो तसाच प्यायलो, कारण कप तोंडाला असेपर्यंत बोलावं लागत नव्हतं.